वाहकता

सकाळी सहाला निंभोऱ्याच्या मळ्यात पारा सहावर.
गुलशेर तडवी डिकीतून ओलं फडकं काढतो,
हात आधी बगलेत खुपसतो, मग बोलतो:
"मॅडम, चरका बसला. पिवळी पडायच्या आत आणली पानं."

पान तर हिरवंगार आहे.
पण या कामात डोळ्यांचं ऐकायचं नसतं.
बोररनं वीस चकत्या पाडायच्या, टिकलीएवढ्या,
ऊर्ध्वपातित पाण्यात सोडायच्या;
त्या पाण्याला चव नाही, त्यातून वीजही धड जात नाही.
आणि बसून राहायचं.

फैजपूरच्या वर्गात दरवर्षी मी हेच काढते फळ्यावर:
एक डोकं, दोन शेपट्या.
डोक्याला पाणी हवं, शेपट्यांना पाण्याचं वावडं,
म्हणून ती बसतात पंगतीसारखी,
पाठीला पाठ, तोंडं दोन्हीकडच्या पाण्याला.
मागच्या बाकावरून फिरक्यांची मुलगी:
"मॅडम, पण बसवतं कोण त्यांना?"
कोणी नाही गं. यजमान नाही, वाढपी नाही.
पाणीच शेपट्यांना जवळ करत नाही
आणि त्या एकमेकींना धरतात.
एवढ्यावर उभी आहे प्रत्येक पेशी,
तुझी, माझी, केळीची.

भिंत म्हणू नका तिला, असं मी सांगते.
सावद्याच्या स्टँडवर शेवभाजी खाल्ली असेल ना?
चमच्यानं तर्री फाडा.
चमचा निघाला की तवंग मिटतो,
टाका नाही, व्रण नाही.
तसं काहीतरी, पण दोन रेणू जाड,
आणि मधे मधे दारं, ज्यांना कोण आपलं ते कळतं.

सरळ शेपट्या कडब्याच्या पेंढ्यांसारख्या,
रचल्या की घट्ट.
कमरेत वाकलेल्या, बाभळीच्या फाट्यांसारख्या,
कितीही रचा, मधे वारा खेळतोच.
थंडीत मोरीतलं खोबरेल बाटलीत पांढरं होऊन बसतं;
आई ती बाटली चुलीच्या अंगाला टेकवायची
आणि शेंगदाण्याचं तेल फळीवर तसंच वाहतं असायचं.
"ह्याले थंडी वाजत नाही का व माय?"
मी विचारलं होतं. सात वर्षांची असेन.

केळ उबेतली लेक.
एका रात्रीत तिची पाठ आखडते,
पंगत जागच्या जागी थिजते,
आणि थिजलेल्याला चीर जाते, जी मिटत नाही.
बांधापलीकडचा गहू बघा.
त्यानं नोव्हेंबरपासूनच आपल्या शेपट्या
एकेक करून वाकवून घेतल्यात.
कुणाला न सांगता.

गुलशेर मीटरवर वाकलाय.
आकडा वाचणं त्याचं, लिहिणं माझं.
"चौदा."
"एकवीस."
"अडतीस, मॅडम."
मीठ बाहेर येतंय, पाण्याला वीज कळू लागलीये.
"एकोणसाठ."
दिवाळीनंतर शबनूर गेली, चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी
हा बोरर घासत उभा होता, एक शब्द नाही.
मीही विचारलं नव्हतं. काय विचारणार.
"त्र्याऐंशी," म्हणतो, आणि आवाज मधेच
कुठेतरी फाटतो,
"तिनं... रात्री धूर करायचा ना केळीत,
पाला पेटवून... ती लवकर उठवायची मला."
काच खिडकीची, पलीकडे धुकं.
मी वहीत त्र्याऐंशी लिहिलं. पेन तिथंच टेकवून ठेवलं.

रीतीप्रमाणे आता चकत्या उकळायच्या.
उकळल्यावर जे काही आत होतं ते सगळं बाहेर येतं,
मग त्या आकड्यानं भागायचं
आणि कळतं, शंभरातलं किती गळालं.

"उकळू का?" तो विचारतो, तोंड पलीकडे करून.

नको, गुलशेरभाऊ. राहू दे आज.
तिकडच्या शेगडीवर चहा टाक,
आणि स्टूल ओढून बस जरा.